नावाडी रोज काय सांगायचा

कवळीमास्तरांकडे दोन गोष्टींचा तुटवडा कधी पडला नाही, प्लास्टरचा आणि मतांचा. प्लास्टर पोत्यानं येई. मतं घरचीच असत आणि न मागता मिळत.

दंतवैद्यांच्या दवाखान्यामागे चार पायऱ्या उतरलं की डाव्या हाताला त्यांची खोली होती. वरून रुग्णांच्या जबड्यांचे ठसे येत. मास्तर त्यांत प्लास्टर ओतून साचे काढत, साच्यांवर मेणाच्या हिरड्या चढवत आणि हिरड्यांत एकेक दात बसवत. सत्तेचाळिसाव्या वर्षी या कामात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. प्रत्येक कवळीत पुढचा एक दात ते मुद्दाम केसभर तिरका लावत. सगळे दात एका ओळीत उभे केले तर माणूस हसताक्षणी बिंग फुटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची कवळी लावून फिरणाऱ्यांना लोक म्हणत, ‘तुमचे दात अजून चांगले राहिलेत हं.’ मास्तरांना यापेक्षा मोठं बक्षीस नको होतं.

पण दातांबद्दलची मतं ही किरकोळीतली. ठोक माल ‘कंदील’बद्दलचा होता.

‘कंदील’ हा व्हिडिओ गेम. एक माणूस हातात कंदील घेऊन अंधारलेल्या मुलखातून चालत निघतो, गावोगावच्या लोकांशी बोलतो, त्यांची अडलेली कामं करतो, वाटेत आडवे येणाऱ्या राक्षसांशी दोन हात करतो आणि शेवटी कुठल्यातरी डोंगरावर मोठा दिवा लावतो. एवढीशी गोष्ट. चाळीसेक वर्षांत तिचे अकरा भाग निघाले होते आणि मास्तरांनी अकराच्या अकरा खेळले होते. बायको विचारी, “अहो, तो दिवा एकदाचा लागला ना? मग परत परत विझवतं कोण?” मास्तर ‘तुला नाही कळायचं’ म्हणून वेळ मारून नेत.

खोलीच्या भिंतीवर कामांचा फळा होता. ‘मंगळवार, वरची पूर्ण. गुरुवार, खालची, दोन दाढा.’ रविवारी दवाखाना बंद. दुपारी तीनच्या ठोक्याला मास्तर तो फळा उलटा करत. मागच्या बाजूला अकरा भागांची क्रमवारी खडूनं लिहिलेली असे. मग दोघंजण पायऱ्या उतरून येत, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण आणि त्या भागात पत्रं वाटणारा टपालवाला. दोघंही कंदीलचे जुने खेळाडू. तिघांचं मिळून मंडळ, आणि मंडळाचं एकच काम, भांडणं.

“सहावा भाग म्हणजे केसांचा गेम,” मास्तर सुरू करत. “जो तो केस उडवतोय. आणि बोलणं किती! ती राजकन्या बोलायला लागली तेव्हा मी खालची कवळी घासायला घेतली. कवळी घासून झाली, धुवून झाली, चकाकी आली, बाईंचं चालूच.”

“सहावा मला आवडतो,” चष्मेवाली म्हणे.

“तुम्हाला आवडणारच. त्यात सगळ्यांनी चष्मे लावलेत.”

चौथ्या भागावर त्यांचा राग धंद्यापोटी होता. त्यातल्या महासर्पाला वरचे दात होते, खालचे नव्हते. “हा खातो कसा?” मास्तर विचारत. “चारशे वर्षं गाव खातोय म्हणे. चावतो कशानं? मुळात याला मारायची गरजच नाही. याला माझ्याकडे पाठवा.” पाचव्या भागात समुद्रच समुद्र, माणसाला जहाजावरचा कारकून करून टाकलेलं. आठव्या भागात कुठं जायचं ते एक पिवळा बाण दाखवतो. “बाण दाखवेल त्या घरी सामान पोचवायचं असतं तर मी टपालात नसतो का गेलो?”

“टपालात काय वाईट आहे?” टपालवाला दुखावल्या आवाजात म्हणे. आणि नवव्या भागाबद्दल तिघांचंही एकमत होतं. तो निघालाच नाही असं धरून ते चालत. फळ्यावर तो अकराव्या नंबरावर होता, तोही बारीक अक्षरात.

पहिल्या नंबरावर तिसरा भाग. पांढऱ्या खडूनं, ठळक, खाली रेघ. भांडणाची मुख्य जागा हीच.

“तिसऱ्या भागात माणसं खोटं बोलतात,” मास्तर म्हणत आणि यावेळी हातातलं काम खाली ठेवत. “बाकी सगळ्या भागांत गावकरी म्हणजे पाट्या. उत्तरेला जा म्हणाला की उत्तरेला खजिना. तिसऱ्यात एक म्हातारी म्हणते उत्तरेला जा. आम्ही तीन आठवडे उत्तरेला गेलो, उत्तरेला काही नाही! नुसते खडक. याला म्हणतात लेखन. आयुष्यात तरी कोण धड पत्ता सांगतं?”

“मास्तर, ती म्हातारी म्हणते, माझी कोंबडी पाहिलीत का,” टपालवाला म्हणे. “मी खेळलोय.”

“तुम्ही नक्कल खेळलाय. हौशी लोकांनी भाषांतर केलेली. आणि नावाडी? नावाड्याचं काय?”

नावाड्याचा विषय निघाला की दोघं एकमेकांकडे बघत. तिसऱ्या भागात नदीकाठी एक नावाडी उभा असतो, नाव बांधून ठेवलेली. मास्तरांचं छातीठोक सांगणं असं, की हा नावाडी रोज नवं बोलतो. चार महिने रोज त्याच्याकडे गेलात तर चार महिने रोज नवं वाक्य. त्या जमान्यात, त्या एवढ्याशा यंत्रात! कंदीलवाल्याची आजारी आई नदीपलीकडे मावशीकडे बरी व्हायला गेलेली असते आणि नावाडी रोज तिची खबर सांगतो.

“ती आई मरते हो,” चष्मेवाली हळू आवाजात म्हणे. “आणि त्या नावाड्याला एकच वाक्य आहे.”

“नक्कल!” मास्तर गर्जत, आणि चहा थंड होई.

आता मास्तर तरी हे कुठून सांगत होते, ते बघायला हवं. ते नऊ वर्षांचे होते तेव्हा बोटीवर नोकरी करणाऱ्या मामानं परदेशातून एक जुनं यंत्र आणि त्यात घालायची एकच डबी आणली. कंदील, भाग तिसरा. पडद्यावरची भाषा अशी की अक्षरं म्हणावीत की काटक्या, हेच कळू नये. पण ताई होती. ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि तिच्याजवळ मामानंच दिलेलं त्या लिपीतलं एक जाडजूड पुस्तक होतं. ताई सांगे की ती त्यावरून ही भाषा शिकतेय. बटणं धाकट्यानं दाबायची, वाचायचं ताईनं. पडद्यावर काटक्या उमटल्या की ताई मांडीवरच्या पुस्तकाची चार पानं उलटवी, एका ठिकाणी बोट ठेवी, ओठ हलवी आणि सांगे. एकदाही अडली नाही. वडील कारखान्यात, आई दूरच्या शहरात इस्पितळात, फुप्फुसाच्या दुखण्यानं. लहान मुलांना तिथं सोडत नसत. शाळा सुटल्यापासून वडील येईपर्यंत दोघं भावंडं, एक कंदील आणि ते पुस्तक. चार महिन्यांनी आई घरी आली, बारीक होऊन, पण चालत. पुढं ते यंत्र बिघडलं आणि डबी कुणाकडे तरी गेली.

तिसरा भाग कंपनीनं नंतर पुन्हा काढलाच नाही, आणि नक्कल खेळायची नाही हा मास्तरांचा बाणा. त्यामुळे अडतीस वर्षं त्यांच्या मताला कुणी धक्का लावू शकलं नव्हतं.

त्या वर्षी जाहीर झालं, तिसरा भाग पुन्हा येणार. तीच चित्रं, तेच शब्द, आणि भाषांच्या यादीत आपली भाषासुद्धा.

मास्तर आठवडाभर शीळ घालत होते. रविवारी त्यांनी फळा उलटा करून तळाला मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘नावाडी दुसरं वाक्य बोलला नाही, तर तिसरा भाग अकराव्या नंबरावर.’ आणि खाली सही ठोकली.

“नवव्याच्याही खाली?” टपालवाल्याचा आवाज बसला.

“नवव्याच्याही खाली.”

“मास्तर, नका हो,” चष्मेवाली म्हणाली. ती मनापासून म्हणत होती. पण एकदा डोक्यात घेतलं की मास्तर कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

गेम आला त्याच्या पुढच्याच रविवारी मास्तरांनी घरचा टीव्ही खोलीत आणून साच्यांच्या फळीवर ठेवला. दोन्ही बाजूंना प्लास्टरचे जबडे ओळीनं बसले. मास्तरांनी आधी तीन-चार दिवस राबून गेम मधल्या टप्प्यापर्यंत आणून ठेवला होता. येताना वाटेत त्यांनी त्या म्हातारीलाही गाठलं होतं. म्हातारी म्हणाली, माझी कोंबडी पाहिलीत का. हे त्यांनी मंडळाला सांगितलं नाही. छपाईची चूक असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

कंदीलवाला आपल्या गावी परतला. तेच घर, तीच खिडकी. आत पलंग रिकामा, उशाशी मेणबत्ती विझलेली. शेजारीण उभी होती. मास्तरांनी बटण दाबलं.

‘तुझी आई काल गेली. तू उशीर केलास.’

मास्तरांनी ते वाक्य जरा जास्तच वेळ पडद्यावर राहू दिलं. मग घसा खाकरून म्हणाले, “गेली म्हणजे मावशीकडे गेली. चला नदीवर.”

नदीवर नावाडी होता, गुडघाभर लव्हाळ्यात, वल्हं खांद्याला टेकवून. अडतीस वर्षांत माणूस जागचा हलला नव्हता. मास्तरांनी बटण दाबलं.

‘पाणी चढलंय. आज नाव नाही.’

“हे!” मास्तर ओरडले. “हे आठवतंय मला! हे तो म्हणायचा! रोज नाही, कधीकधी. मी सांगत होतो की नाही?” आणि त्यांनी पुन्हा दाबलं.

‘पाणी चढलंय. आज नाव नाही.’

“दिवस बदलायला हवा.” त्यांनी कंदीलवाल्याला धर्मशाळेत नेऊन झोपवलं, उठवलं, नदीवर आणलं. पाणी चढलेलं. पुन्हा झोपवलं. पाणी चढलेलं. बारा वेळा तो बिचारा झोपला आणि बारा वेळा उठला. तेराव्या वेळी टपालवाल्यानं मास्तरांच्या हातातून बटणांचं यंत्र अलगद काढून घेतलं.

“फळ्याचं आज राहू दे,” चष्मेवाली म्हणाली. “पुढच्या रविवारी बघू.”

दोघं पायऱ्या चढून गेली. मास्तर जबड्यांच्या ओळीत एकटेच बसून राहिले, आणि त्या दिवशी त्यांचं कशाबद्दलही काही मत नव्हतं.

सोमवारी मात्र राग आला. राग आला म्हणजे असा की मंगळवारच्या वरच्या कवळीत त्यांनी सगळे दात सरळ लावले आणि मग मेण उकरून पुन्हा बसवले. अडतीस वर्षं आपण लोकांसमोर शपथेवर सांगत आलो. नक्कल नक्कल म्हणून टपालवाल्याला गप्प बसवलं. आणि तो बिचारा खरं सांगत होता. मग खोटं कोण सांगत होतं? उत्तर एकच होतं आणि ते तीन गल्ल्या सोडून औषधांच्या दुकानात उभं होतं.

ताई औषधविक्रेती. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात तिचा लौकिक होता. ज्या चिठ्ठीपुढे बाकीचे दुकानदार हात टेकत, ती लोक ताईकडे आणत. हे आठवून मास्तर वाटेत एकदम थबकले. ‘अरे देवा,’ त्यांच्या मनात आलं, ‘तिथंही?’

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मास्तरांना धीर नव्हता.

“ताई, तुला ती भाषा येत होती का?”

“कुठली रे?” ताई चिठ्ठीतून वर न बघता म्हणाली.

“कंदीलची.”

ताईनं चिठ्ठी खाली ठेवली. मग ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “अक्षर नाही,” ती म्हणाली. “एक अक्षर येत नव्हतं.”

“आणि ते पुस्तक?”

“ते मामाच्या बोटीवरच्या पंपाचं होतं. पंप कसा उघडायचा, कसा बसवायचा. आत चित्रं होती की! तू कधी बघितलंच नाहीस.”

“मी तीन आठवडे उत्तरेला गेलो, ताई!”

“मग मी काय करू? तू विचारलंस कुठं जायचं, मी सांगितलं उत्तरेला. दक्षिणेला म्हणाले असते तर दक्षिणेला गेला असतास.”

पुढचं गिऱ्हाईक, एक सद्गृहस्थ, आपल्या हातातल्या चिठ्ठीकडे संशयानं बघू लागले. “काका, घाबरू नका,” ताई म्हणाली, “औषधाचं नाव लागलं नाही की मी डॉक्टरांना फोन करते.” तिनं दोघांना औषधं देऊन वाटेला लावलं, दाराला ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी लावली आणि भावाला आतल्या बाकावर बसवलं.

“लोकांत माझं हसं झालं,” मास्तर म्हणाले. “माझा पहिला नंबर गेला. सगळं खोटं?”

“तू दिवसभर काय बनवतोस रे?”

“कवळ्या.”

“खऱ्या?”

“कवळी खरी कशी असेल? पण चावता येतं ना!”

ताईनं मास्तरांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मास्तरांनी तो प्यायला आणि जरा शांत झाले.

“नावाडी,” ते म्हणाले. “त्याचं काय? तो रोज नवं सांगायचा. सूप घेतलं म्हणायचा. खिडकीपर्यंत चालली म्हणायचा. एकदा म्हणाला, ती विचारत होती धाकट्याचे बूट घट्ट होतायत का. मी मंडळात सांगत आलो, या लेखकाला लहान मुलांच्या पायांचीसुद्धा जाण आहे.”

“बाबा दुपारी कारखान्यातून वॉर्डात फोन करायचे,” ताई म्हणाली. “रोज रात्री मला सांगायचे, स्वयंपाकघरात. धाकट्याला बोलू नकोस म्हणायचे, तो रडत बसेल. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आलं की तू विचारायचास, आई कशीय. माझ्याच्यानं बघवायचं नाही. मग तो पलंग आला, रिकामा. मेणबत्ती विझलेली. भाषा येत नसली तरी ते कळलं मला. तू विचारलंस, काय झालं? माझ्या तोंडातून निघून गेलं, मावशीकडे गेलीय. पुढं नदीवर तो उभा दिसला. म्हटलं, बरं झालं, याच्याकडून सांगता येईल.”

मास्तरांना बूट आठवले. तपकिरी. खरंच घट्ट होत होते. नावाड्यानं सांगितल्यावर चार दिवसांनी वडिलांनी नवे आणले होते, आणि या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी अडतीस वर्षं लावला नव्हता.

“आणि बातमी वाईट असली तर?” त्यांनी विचारलं.

“त्या दिवशी काय सांगणार? नाव बांधलेली दिसायची, पाणी काठापर्यंत आलेलं. मी म्हणायचे, तो म्हणतोय, पाणी चढलंय, आज नाव नाही.”

एकदा सलग नऊ दिवस पाणी चढलेलं होतं. मास्तरांना ते नऊ दिवस स्वच्छ आठवत होते, कारण दहाव्या दिवशी त्यांनी चिडून नावाड्याला दगड मारायचं बटण शोधलं होतं. त्या संध्याकाळी ताई म्हणाली होती, आज नाव आली, आई उठून बसलीय. नऊ दिवस चौदा वर्षांची ताई त्या काटक्यांकडे बघत काय गिळत होती, ते मास्तरांना आत्ता कळलं. त्यांना तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी रिकामा ग्लास उचलून पुन्हा प्यायला.

“रविवारी येशील?” ते म्हणाले. “खोलीवर. तीन वाजता.”

“मला काय येतंय तुमच्यातलं?”

“वाचायला ये.”

रविवारी ताई आली. चष्मेवालीनं तिला चांगली खुर्ची दिली, टपालवाल्यानं जबड्यांना जरा बाजूला सरकवलं. फळ्यावर मास्तरांची सही तशीच होती, आणि खडू चष्मेवालीच्या हातात, कारण तिसऱ्याला अकराव्या नंबरावर घालायचं काम मास्तरांना स्वतःला जमलं नसतं. मास्तरांनी सगळी हकिगत मंडळाला सांगितली, काही हातचं न राखता, कोंबडीसकट. मग त्यांनी गेमच्या यादीत जाऊन आपली भाषा काढली आणि मूळची लावली. पडद्यावर पुन्हा काटक्या उगवल्या. कंदीलवाला नदीवर आला. मास्तरांनी बटण दाबलं आणि विचारलं, “काय म्हणतोय?”

ताईनं पर्समधून चष्मा काढला, मग परत ठेवून दिला. “याला कशाला चष्मा लागतोय,” ती म्हणाली आणि पडद्याकडे बघू लागली. ओठ हलले. “म्हणतोय, कोण तू? आणि इतका जाड कधी झालास?”

टपालवाला खो खो हसला. मास्तरांनी पुन्हा दाबलं.

“म्हणतोय, उत्तरेला काही मिळालं का?”

“हे दुसरं वाक्य झालं,” टपालवाला म्हणाला. चष्मेवालीनं फळ्याकडे बघितलं, सहीकडे बघितलं, आणि खडू टेबलावर ठेवून दिला. पहिल्या नंबराला कुणी हात लावला नाही.

मास्तर मात्र हसत नव्हते. त्यांचा अंगठा बटणावर होता आणि ते दाबत नव्हते. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ती ताईकडे होती. सकाळी ताईचा फोन आला होता, ये म्हणून, घाई नाही पण ये. मास्तरांच्या हातात एक पूर्ण कवळी होती, दुपारी द्यायची. ती पुरी करून, चकाकी आणून ते निघाले. पोचले तेव्हा आईला जाऊन दोन तास झाले होते. त्याबद्दल ताई कधी काही बोलली नव्हती आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मागच्या रविवारी शेजारणीचं ते वाक्य त्यांनी पडद्यावर उगीच नव्हतं राहू दिलं.

“ताई,” ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “आईचं काय म्हणतोय तो?”

त्यांनी बटण दाबलं. त्याच काटक्या आल्या, त्याच जागी. चष्मेवाली आणि टपालवाला घरची माणसं नव्हती, पण ती दोघं त्या क्षणी जमिनीकडे बघत होती.

ताईनं वेळ घेतला. मांडीवर पुस्तक नव्हतं, तरी तिचं बोट तिथं काहीतरी शोधल्यासारखं फिरलं आणि एका जागी थांबलं.

“म्हणतोय, ती पोचली,” ताई म्हणाली. “पाणी शांत होतं. मावशी घाटावर न्यायला आली होती.” मग जरा थांबून, “नावेत बसताना म्हणाली, धाकट्याला यायला उशीर होईल, त्याच्या हातात काम आहे. पुरं करून येऊ दे म्हणाली.”

मास्तरांनी डोळे पुसले, तळहाताला प्लास्टर होतं त्याची पर्वा न करता.

“हे तिथं लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“मला अक्षर येत नाही रे,” ताई म्हणाली. “पण मी तिथं होते.”